गिरगाव की करंझाळे?

शीड पाण्यातून ओढून उभं करता येतं, जेमतेम वळता येतं, हार्नेस (शिडाचा ताण अंगावर घेणारा, हुक असलेला कमरेचा पट्टा) लावायची मात्र अजून भीती वाटते. विंडसर्फिंगच्या या टप्प्यावर आलेला मुंबईकर हमखास विचारतो, की आता जायचं कुठे? माझ्या मते त्याच्यापुढे खरे पर्याय दोनच. घराजवळची गिरगाव चौपाटी, नाहीतर रात्रीची गाडी पकडून गोव्यातलं करंझाळे. दोन्हीकडचं खारं पाणी मी पोटभर प्यायलोय. तेव्हा हे लिहिण्याइतका अनुभव आहे असं धरून चालू.

वाऱ्यात म्हणाल तर फारसा फरक नाही. सकाळी जमिनीवरून येणारे मतलई वारे, साधारण अकराच्या सुमारास सगळं चिडीचूप, मग दुपारी वायव्येकडून खारे वारे. नोव्हेंबर-डिसेंबरात ते सहा-आठ नॉट (ताशी सागरी मैल), मार्च ते मे बारा-पंधरापर्यंत. गोव्यात थोडे जास्त वाटतात, पण ते माझ्या खांद्यांचं मोजमाप. पावसाळ्यात दोन्हीकडे विषय बंद.

फरक पडतो तो किनाऱ्याच्या तोंडामुळे. गिरगावला वायव्येच्या अंगाला मलबार हिल आणि त्यावरचे टॉवर. वारा त्यांच्यावरून उडी मारून येतो, त्यामुळे वाळूपाशी काहीच लागत नाही आणि दोन-तीनशे मीटर आत गेलं की एकदम फटका बसतो. मग पुन्हा भोक. म्हणजे शिडावर रेलून उभे असताना वारा अचानक गायब, आणि तुम्ही पाठीवर पाण्यात. शिवाय तो किनाऱ्याकडून समुद्राकडे जाणारा. पडलात, दमलात, की हळूहळू आतच सरकत राहता. सुरक्षा बोट पाण्यात नसेल त्या दिवशी नवख्याने तिथे उतरू नये, हे मी जरा ठासून सांगेन.

पण हीच टेकडी लाटाही अडवते. पाणी सपाट, वारा हलका, उतरायला-चढायला सोपं. पहिल्या दहा वेळांसाठी मला तरी गिरगावात खोट दिसत नाही. मीही तिथेच शिकलो.

मग बिनसलं कुठे? ओहोटीत.

माझी नोकरी सोमवार ते शुक्रवार. हाताशी शनिवार-रविवार, त्यातही वारा असतो तो तीन ते पाच. एका मार्चातल्या शनिवारी बारा वाजता चौपाटीवर पोचलो, पाणी अगदी वरपर्यंत होतं. खूश झालो. भाड्याचा बोर्ड, साडेसहा चौरस मीटरचं शीड, सगळं जोडून निवांत वाऱ्याची वाट बघत बसलो. तो आला साडेतीनला, झकास आला. अर्धा तास मजेत गेला आणि परतताना, किनाऱ्यापासून बऱ्याच लांब, फिन (बोर्डखालचं पातं) गाळात रुतली. बोर्ड जागच्या जागी थांबला. मी हार्नेसने बूमला, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याला, अडकलेला, त्यामुळे शिडासकट पुढे फेकला गेलो. बोर्डच्या नाकाला खोक पडली, तिचे पैसे भरले, आणि उरलेलं अंतर घोटाभर, मग गुडघाभर चिखलातून तो बोर्ड ओढत आणला. एक चप्पल अजून तिथेच असेल.

होडीशी बसलेले एक कोळी काका हे सगळं बघत होते. म्हणाले, "आज पुनव हाय ना रं, पानी थांबल का तुज्यासाठी?"

त्यांनीच हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारी बाराला पाणी काठोकाठ आणि संध्याकाळी सहाला तळ. नेमका वारा भरात येतो तेव्हा पाणी पळत असतं. आणि मुंबईचं उधाण साधं नाही, भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडतो. वाळू संपून गाळ लागतो, आणि साडेसहाच्या शिडाची फिन चांगली हातभर खोल.

याउलट भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीत कमी फरक असलेल्या दिवसांत, सप्तमी ते दशमी, तीन ते पाच पाणी चढत असतं आणि मुळात फार उतरलेलंही नसतं. त्या दिवशी गिरगाव उत्तम. पण अशी तिथी शनिवार-रविवारी पडणार महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी. वर्षभर मी कॅलेंडरवर खुणा करत बसलो. एकादशी सोमवारी आली तर उपास करणाऱ्यालाही एवढं वाईट वाटत नसेल.

करंझाळ्यात हा जाच नाही. गोव्यात उधाणालाही पाण्याचा फरक दोन मीटरच्या आसपास, आणि खाली वाळू. मिरामारपासून दोनापावलच्या दिशेने सरळ लांब पसरलेला किनारा, वायव्येचा वारा तिरका किनाऱ्यावर येणारा. पडलात तर वारा आत ओढत नाही, वाळूवर आणून टाकतो. फक्त जिथून निघालात तिथे नव्हे, बरंच दोनापावलच्या बाजूला. बोर्ड डोक्यावर घेऊन चालत यायची तयारी ठेवा.

तिथल्या अडचणीही सांगतो, नाहीतर एकतर्फी वाटेल. एप्रिल-मेमध्ये काठाशी लाटा फुटतात. नवखा माणूस त्या ओलांडण्यातच अर्धा तास घालवतो. मिरामारच्या टोकाला फार जाऊ नये. ओहोटीला मांडवीचं पाणी बाहेर ओढतं आणि समोरून वारा आला की तिथे नुसती खळबळ माजते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) लागलेली असेल तर तिच्या दोरापासून लांब राहायचं आणि मासे ओढून होईपर्यंत गप्प बसायचं. कुणी बांबोळीचं नाव सुचवेल, पाणी शांत आहे म्हणून. शांत आहे, पण वारा पठारावरून येतो, म्हणजे गिरगावचीच भोकं.

नुकतंच शिकलेल्याने करंझाळ्यात डिसेंबर-जानेवारीत जावं, मोठा बोर्ड घ्यावा आणि वारा सुरू होताच दोनच्या सुमारास उतरावं. चारच्या वाऱ्याशी झुंजत बसू नये. हार्नेस शिकायचा असेल तर मार्च. दुपारी आग्वादच्या बाजूने पाण्यावर वाऱ्याची काळपट रेघ सरकत येताना दिसते. ती दिसली की शीड जोडायला घ्यायचं, पोचायला पंधरा-वीस मिनिटं लावते.

तिसरं नाव निघतं ते रामेश्वरमचं, त्याबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यानंतर नैऋत्येचा, हिवाळ्यात ईशान्येचा, असा दिवसभराचा दमदार वारा आणि वाळूच्या दांड्यामागे उथळ, सपाट पाणी. मी एकदाच गेलो, माझ्या साडेसहाच्या शिडासह. तिथे साडेचारचं लागत होतं. चार दिवसांतले तीन किनाऱ्यावर बसून पतंगवाल्यांना (काइटसर्फिंग करणाऱ्यांना) बघण्यात गेले. हार्नेस अंगवळणी पडला असेल तर जरूर जा, नाहीतर एवढा प्रवास कशाला?

खर्चाने गिरगाव अर्थातच जिंकतं, आणि ज्याला आठवड्यात मधल्या वारी सुट्टी घेता येते त्याला तर ते कदाचित पुरेसंही होईल. माझं जमलं नाही. माझं शीड आता करंझाळ्याशेजारच्या ताळगावात एका मित्राच्या माळ्यावर असतं. करमळी स्टेशनला उतरलो की त्याच्याकडे चहा घेतो आणि ते काढतो. मुंबईत अष्टमी रविवारी आलीच, तर चौपाटीवर भाड्याचं घेतो.