लिंकनचं मेमोरियल स्टेडियम: पाहुण्या चाहत्यांसाठी कसं?

अमेरिकेतल्या लिंकन शहरात नेब्रास्का विद्यापीठाच्या या मैदानावर १९६२ पासून घरचा प्रत्येक अमेरिकन फुटबॉल सामना हाऊसफुल्ल. तरी पाहुण्या संघाची जर्सी घालून गेलात तर वाकड्या नजरेपेक्षा ‘कुठून आलात?’ हेच जास्त कानावर येतं. शेवटची शिट्टी झाली की लगेच उठू नका. पाहुणे खेळाडू आत जाताना इथले लोक टाळ्या वाजवतात, आपला संघ हरला असला तरीसुद्धा! गाडी हेमार्केट भागात लावून चालत या. पिशवी पारदर्शकच, १२ बाय ६ बाय १२ इंचांपर्यंत. साधी सॅक गेटवरच अडते. रन्झा हा गरमागरम भरलेला पाव चविष्ट, पण आत गोमांस आणि कोबी. न खाणाऱ्यांनी जेवूनच यावं. नोव्हेंबरात बाकावर टाकायला जाड आसन न्याच.