मार्बलवर फेस आला की काम तिथंच थांबवा

दिवाळीच्या तोंडावर सोसायट्यांमधून फरशी पॉलिशवाले फिरायला लागतात. त्यातल्या दोघांनी नाशिकला माझ्या आई-बाबांना फसवलं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं एकटी राहतात त्यांनी तर हे वाचाच.

हॉलमध्ये मकराण्याचा पांढरा मार्बल आहे. ‘डायमंड पॉलिश, निम्म्या दरात, संध्याकाळपर्यंत हॉल चकाचक’ असं बोलणं झालं. मशीन आणलं होतं, पण ते नावापुरतं फिरवलं. त्याआधी बाटलीतलं काहीतरी फरशीवर ओतलं. भसाभस फेस आला, नाकाला झोंबणारा वास सुटला. आई घाबरली, तर म्हणे, ‘काकू, वर्षानुवर्षांचा मळ निघतोय, बघा!’

तो मळ नव्हता. मार्बल म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर ॲसिड पडलं की दगडच विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो, तोच हा फेस. वरून मेण चोळून चमक आणली, कपाटांखालची न केलेली जागाही मोजली आणि रोख पैसे घेऊन गेले. फोन आता लागत नाही.

चार वेळा पुसल्यावर मेण उतरू लागलं. खाली फरशी खरखरीत, जागोजागी निस्तेज ओघळ, आणि सांडलेला चहा आत मुरतो. ओळखीच्या कारागिराने कोपऱ्यात नख ओढलं, तर नखाखाली मेणाची वळी निघाली. खऱ्या डायमंड पॉलिशला जाड दाण्याच्या पॅडपासून ३००० नंबरपर्यंत एकेक पॅड बदलत पाणी घालून घासतात, दुधासारखा गाळ निघतो, असं त्याने दाखवलं. एवढा हॉल एका दिवसात होणं शक्यच नाही.

आईने ओट्याला हात लावू दिला नाही, ते फार बरं झालं. कडप्पा, कोटा, शहाबादी हे सगळे चुनखडीचेच दगड. ग्रॅनाइट लिंबाला दाद देत नाही, पण यांच्यावर लिंबू, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर काहीच नको. रोज साधं पाणी, फार तर थोडा सौम्य साबण.

पॉलिश करायचंच असेल तर आधी अडगळीतल्या एका फरशीवर करून घ्या, गरम पाण्याने पुसा, नख ओढून बघा. पॅडचे नंबर, मोजमाप, दर कागदावर लिहून घ्या. आणि पैसे काम बघितल्यावरच द्या, बाबांसारखे आधी मोजून देऊ नका.