लिपर्टचे हायड्रॉलिक लेव्हलिंग जॅक: निगा राखणार असाल तर जरूर घ्या

जड मोटरहोमसाठी, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीसाठी, लिपर्ट कंपनीचे हे जॅक उत्तमच. बटण दाबलं की पाय उतरतात आणि गाडी समतल होते. पण जागा बघूनच लावा. फार उतारावर मागची चाकं उचलली गेली, तर पार्किंग ब्रेकचा उपयोग उरत नाही आणि गाडी जॅकवरून घसरू शकते. टायर बदलायलाही हे वापरू नका. मऊ जमिनीत पायाखाली जाड फळी हवीच.

तेल तपासायचं ते सगळे जॅक आणि स्लाइडआउट (गाडीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग) आत घेतल्यावरच. ते बाहेर असताना टाकी कमी दिसते, आपण वर भरतो आणि जॅक आत घेताना तेल ओसंडतं. तेल डेक्सरॉन ३ एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल. ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील फुगतात.

खरी काळजी घ्यायची ती जॅकच्या चकचकीत रॉडची. चिखल पुसून सिलिकॉन स्प्रे मारा. मुक्काम लांबला तर आठवड्यातून एकदा, समुद्राकाठी दर २-३ दिवसांनी. ग्रीस लावू नका. त्यावर बसलेली वाळू रॉड आत जाताना सील खाते.

जॅक मध्येच थांबला, तर पंपाला दोष देण्याआधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगचं टोक तपासा.