रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरताना: बारा बोर रीलोडिंगचा दोन हंगामांनंतरचा अनुभव

पैसे वाचवायला हा उद्योग सुरू करणार असाल, तर आधी हिशेब मांडा आणि मगच प्रेस, म्हणजे काडतूस भरायचं यंत्र, विकत घ्या. मी मिशिगनमध्ये ट्रॅप खेळते, म्हणजे शॉटगनने हवेत उडणाऱ्या तबकड्या फोडते. दोन हंगाम झाले, सरावाची सगळी काडतुसं मी घरच्या तळघरातच भरते. पैसे वाचले, पण थोडेच. खांद्याला मात्र खरा आराम मिळाला. पुढचं सगळं या दोन वाक्यांच्या आधारानेच वाचावं.

आधी कायद्याचं बोलते, कारण मराठी मंडळींपैकी बरेच जण इथे व्हिसावर असतात. एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेत बंदूक आणि काडतूस दोन्ही बाळगायला संघराज्याच्या कायद्याने मनाई आहे. राज्याचा वैध शिकार परवाना असणं, असे मोजकेच अपवाद आहेत. ग्रीन कार्ड झालेल्यांना व्हिसाची ही आडकाठी नाही. स्वतःच्या वापरासाठी काडतूस भरायला संघराज्याचा परवाना लागत नाही, पण विकण्यासाठी भरायचं तर उत्पादकाचा परवाना लागतो. त्यामुळे मैत्रीखातरसुद्धा कुणाला डबा विकू नका. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणं शस्त्र अधिनियम १९५९ खाली गुन्हा आहे. कोकणात शेतराखणीची परवान्याची बंदूक ज्यांच्या घरी आहे, त्यांनी हे वाचून तिकडे काही करायला जाऊ नये.

कोकणातली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना काडतुसाची रचना लगेच कळेल. नळीत आधी दारू, तिच्यावर बोळा, त्यावर छर्रे आणि मागे टोपी. काडतुसात हाच क्रम एका प्लॅस्टिकच्या पुंगळीत बंद केलेला असतो. तळाच्या धातूच्या भागात टोपी, म्हणजे २०९ नावाचा प्रायमर. त्यावर धूरविरहित पावडर, मग प्लॅस्टिकचा वॅड आणि त्याच्या वाटीत छर्रे. वरचं तोंड दुमडून बंद. बार झाला की दारू, वॅड, छर्रे जातात आणि पुंगळी उरते. कचऱ्यात जाणारी ही पुंगळीच सगळ्यात जपायची वस्तू आहे.

माझं यंत्र सिंगल स्टेज प्रेस आहे. विस्कॉन्सिनमधल्या मेव्हिल गावच्या मेक कंपनीचं ६०० ज्युनियर. अमेरिकेतल्या क्लबांत विचारलं तर निम्म्या लोकांच्या घरी हे किंवा याचं भावंड निघतं. एक दांडा आणि ओळीने पाच थांबे. पहिल्यावर जुनी टोपी निघते आणि पुंगळीचा तळ पुन्हा मापात येतो. दुसऱ्यावर नवी टोपी बसते. तिसऱ्यावर चार्ज बार, म्हणजे पावडर आणि छर्रे मापून पाडणारी सरकती पट्टी, सरकवून पावडर पाडायची, वॅड दाबून बसवायचा, बार उलट सरकवून छर्रे पाडायचे. चौथ्यावर तोंडाच्या घड्या सुरू होतात आणि पाचव्यावर पक्क्या बसतात. एका वेळी एकच काडतूस हलतं. रमतगमत केलं तर तासाला २५ काडतुसांचे चारेक डबे होतात. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर दांड्याच्या दर खेचीला एक तयार काडतूस बाहेर पडतं, वेग कितीतरी जास्त. तरी नवशिक्याने सिंगल स्टेजच घ्यावं असं माझं ठाम मत आहे. वॅड बसवण्याआधी पुंगळीत वाकून पाहता येतं, पावडर पडली की नाही ते डोळ्यांना दिसतं. पाच थांब्यांवर पाच काडतुसं एकदम फिरत असताना तेवढं लक्ष ठेवायला सराव लागतो.

हे बघणं महत्त्वाचं का, तर पावडर पडलीच नाही किंवा अर्धवट पडली, तर बार फुसका निघतो आणि वॅड नळीतच अडकू शकतो. त्यावर पुढचा बार काढला तर नळी फाटते. म्हणून आवाज नेहमीपेक्षा बसका आला की थांबायचं, बंदूक उघडायची, रिकामी करायची आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहायचं. आमच्या क्लबात हे नव्या खेळाडूला पहिल्याच दिवशी सांगतात आणि घरची काडतुसं वापरणाऱ्याला पुन्हा सांगतात.

आता पुंगळ्या. सगळ्या पुंगळ्या सारख्या नसतात. विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस यांना मागणी जास्त, कारण त्यांचं तोंड लवकर फाटत नाही, घड्या पुन्हापुन्हा नीट बसतात. स्वस्त काडतुसांच्या पुंगळ्या तीन-चार भरण्यांत तोंडाशी चिरतात. शिवाय त्यांच्या तळाला पितळेचा रंग असला तरी धातू बहुधा पोलादच. बार झाल्यावर तो फुगतो आणि पितळेसारखा सहज मापात येत नाही. खिशात एक छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं की पोलाद. अशा पुंगळ्यांसाठी तळ चारही बाजूंनी आवळणारा कॉलेट रीसायझर लागतो, तो मेकच्याच सायझमास्टर या प्रेसवर असतो, माझ्या प्रेसवर नाही. वेगळा विकतही मिळतो. पण मी सोपा मार्ग घेतला: एकच जात ठरवली आणि बाकीच्या पुंगळ्या उचलणंच सोडलं.

एक जात ठरवण्याचं दुसरं कारण सुरक्षेचं आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन पुंगळ्यांच्या आतला घेर वेगळा असतो. कुणाची भिंत तळाकडे निमुळती होत जाते, कुणाची सरळ खाली उतरते. तीच पावडर, तोच वॅड, पण पुंगळी बदलली की दाब बदलतो. नुसती टोपी दुसऱ्या कंपनीची घेतली तरी दाब हजार पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) पुढे वर-खाली होऊ शकतो. पावणेतीन इंची बारा बोरसाठी ठरलेली कमाल मर्यादा ११,५०० पीएसआय आहे, आणि कित्येक मोजमापं, म्हणजे काडतुसात काय किती भरायचं याची प्रमाणं, तिच्या अगदी जवळून जातात. म्हणून पुंगळी, टोपी, पावडर, वॅड आणि छर्ऱ्यांचं वजन ही पाचही नावं पावडर कंपनीच्या छापील तक्त्यात एकाच ओळीत सापडली पाहिजेत. चार जुळली आणि पाचवं घरात पडलेलं होतं, असं चालत नाही. माझं मोजमाप मी इथे मुद्दाम देत नाही. तक्ते हॉजडन, अलायंट वगैरे कंपन्या फुकट देतात, तुम्ही तिथूनच घ्या. शिशाच्या छर्ऱ्यांचं मोजमाप पोलादी छर्ऱ्यांना तर कधीच लावू नका. त्यांचे वॅड, पावडर, तक्ते सगळंच निराळं.

पावडर मापण्यासाठी चार्ज बारमध्ये बुशिंग नावाची भोकाची कडी असते. ती आकारमान मोजते, वजन नाही. पावडरचा नवा डबा, हवेतला दमटपणा, दांडा खेचण्याची तऱ्हा, प्रेसवरच्या पावडरच्या बाटलीत उरलेली पातळी, या सगळ्याने वजन थोडं हलतं. म्हणून ग्रेनच्या (पावडर तोलायच्या छोट्या एककाच्या) दशांशापर्यंत वजन दाखवणारा काटा प्रेसइतकाच आवश्यक आहे. बुशिंगच्या तक्त्यात लिहिलेला आकडा हा अंदाज समजायचा आणि सुरुवातीला दहा वेळा पावडर पाडून तोलायची. मी दर बैठकीच्या सुरुवातीला आणि मध्येच एकदा तोलते. दांडा रोज एकाच लयीत खेचला तर फरक फार राहत नाही.

घड्यांबद्दल बोलायलाच हवं, कारण नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. मोदकाला कळ्या पाडतो तसं पुंगळीचं तोंड आत दुमडायचं असतं, आणि काडतुसाला कळ्या सहा किंवा आठ. कारखान्यात आठ पाडलेल्या असतील तर तुम्हालाही आठच पाडाव्या लागतात. प्लॅस्टिकला जुन्या घडीची सवय झालेली असते, तिच्याविरुद्ध गेलात तर तोंड चुरगळतं. त्यासाठी प्रेसवर सहाचा आणि आठचा असे वेगळे क्रिंप स्टार्टर, म्हणजे घड्यांना सुरुवात करून देणारे भाग, लावता येतात. मध्ये भोक राहिलं तर छर्रे गळतात. घडी जास्त खोल गेली तर दाब वाढतो, उथळ राहिली तर पावडर नीट पेटत नाही. वॅडची उंची आणि छर्ऱ्यांचं आकारमान मिळून पुंगळी बरोबर घडीच्या रेषेपर्यंत भरली, तर घडी आपोआप सपाट बसते. घडी सुधारायला लोक स्क्रू फिरवत बसतात, आणि दोष बहुतेक वेळा उंची न जुळणाऱ्या वॅडचा असतो.

हिशेबाकडे वळते. छर्ऱ्यांची २५ पौंडांची पिशवी म्हणजे ४०० औंस. सात अष्टमांश औंसाची काडतुसं त्यात ४५७ होतात, एक औंसाची ४००, सव्वा औंसाला थोडं कमी म्हणजे एक-एक अष्टमांशाची (१ १/८ औंस) ३५५. पावडरच्या पौंडात ७,००० ग्रेन. आमच्या भागात पिशवी ५० डॉलरच्या आसपास पडते, हजार टोप्या ८० ते ९० डॉलरला. पावडर आणि वॅड धरून माझं एक काडतूस साधारण ३१ सेंटला पडतं, म्हणजे डबा पावणेआठ डॉलरला. मोठ्या दुकानातला स्वस्त डबा नऊ-दहाला मिळतो. डब्यामागे दोनेक डॉलर सुटतात. प्रेस, काटा, बुशिंगं यांचे तीन-चारशे डॉलर त्यातून भरून यायला दीड-दोनशे डबे लागतील, आणि तुमच्या वेळेचे पैसे यात धरलेले नाहीत. २०२० नंतर टोप्यांचा तुटवडा आला होता, तेव्हा ज्यांनी आधीच साठवल्या होत्या त्यांचाच सराव चालू राहिला. पण साठ्यालाही मर्यादा असते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकानुसार घरात नुसत्या मूळ डब्यांत २० पौंडांपर्यंतच पावडर ठेवता येते, आणि टोप्या १०,००० पर्यंतच.

खांद्याचं गणित यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. दुकानातली स्वस्त काडतुसं बहुतेक एक-एक अष्टमांश किंवा एक औंसाची. मी सात अष्टमांश भरते, म्हणजे २५ ग्रॅमच्या किंचित आत. एक-एक अष्टमांशाच्या तुलनेत छर्ऱ्यांचं वजन २२ टक्क्यांनी कमी, आणि धक्क्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते-घटते, त्यामुळे खांद्याला जाणवणारा फरक त्याहून मोठा. दिवसभरात २०० तबकड्या असल्या की संध्याकाळपर्यंत मी घोडा दाबायच्या आधीच दचकायला लागायचे. ते दचकणं गेलं. १६ यार्डांवरून तबकडी फोडायला एवढे छर्रे पुरतात. ऑलिंपिकमधले नेमबाज तर २४ ग्रॅमच्या काडतुसांनी आणि याहून वेगवान तबकड्यांवर खेळतात. मागे २७ यार्डांच्या रेषेवर उभं राहायचं असेल तर मीही जड काडतूसच वापरते. एक अट मात्र आहे: काही सेमी-ऑटो बंदुका एवढ्या हलक्या काडतुसावर पुढचं काडतूस ओढत नाहीत. माझी दुनळी आहे, वरखाली नळ्यांची, तिला फरक पडत नाही. शिवाय पुंगळ्या हातात येतात, गवतात शोधाव्या लागत नाहीत. काही क्लबांत जमिनीवर पडलेली पुंगळी क्लबची असते, आणि काही ठिकाणी घरची काडतुसं चालतच नाहीत. आधी विचारा.

शिशाबद्दल मी फार काटेकोर आहे. छर्ऱ्यांची भुकटी आणि जुन्या टोपीतून पडणारी काजळी दोन्हीत शिसं असतं, आणि लहान मुलांसाठी ते फार वाईट. म्हणून स्वयंपाकघराच्या टेबलावर हे काम करू नये, गालिचा असलेल्या खोलीत करू नये. माझं टेबल तळघरात आहे, त्यावर खाणंपिणं नाही, झाडू नाही, ओल्या फडक्याने पुसणं. हात धुतल्याशिवाय वर यायचं नाही. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेते. टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा उघडा ठेवायचा, काम झालं की प्रेसमधली उरलेली पावडर त्याच मूळ डब्यात परत. बाटलीत रात्रभर ठेवली तर दुसऱ्या दिवशी ती कुठली हे खात्रीने सांगता येत नाही. इथल्या हिवाळ्यात हवा इतकी कोरडी होते की प्लॅस्टिकच्या बाटलीला पावडरचे कण चिकटून बसतात. वॅडही थंडीत ताठ होतात, गॅरेजपेक्षा तळघर बरं ते यासाठी.

आता माझी नजर २८ गेजवर, म्हणजे बारा बोरपेक्षा बारीक नळीच्या काडतुसावर, आहे. दुकानात त्याचा डबा बारा बोरपेक्षा खूपच महाग, चौदा डॉलरच्या खाली क्वचित दिसतो, आणि पाऊण औंसाने भरला तर खर्च माझ्या आत्ताच्या डब्याइतकाच किंवा थोडा कमी. तिथे पैसेही खरोखर वाचतात. जुनं प्रेस घ्यायचं ठरवलं आहे, कारण ही यंत्रं पिढी-दोन पिढ्या टिकतात. बघताना दांडा खाली घेऊन मधला खांब डुगडुगतो का, चार्ज बार अडखळतो का आणि बुशिंगजवळची रबरी चकती जागेवर आहे का, एवढं पाहीन. बाकीचे भाग सुटे मिळतात.