क्वालिस 2004 मॉडेल : दिवाळीपासून पेरणीपर्यंत वापरल्यावर

गाडीची माहिती आधी देतो. टोयोटा क्वालिस, 2004 चं मॉडेल, डिझेल, एमएच 19 पासिंग. मी दुसरा मालक, पहिले मालक फैजपूरचे एक रिटायर मास्तर, गाडी कायम शेडमध्ये उभी, मीटर दोन लाखाच्या आतबाहेर. दिवाळीच्या तोंडावर घेतली आणि आता पेरण्या चालू आहेत, म्हणजे थंडीतल्या भरीत पार्ट्या, लग्नसराई आणि आपला मे महिना, सगळं या गाडीने काढलं. घरात आई-आबा धरून आठ माणसं, त्यामुळे पाच सीटची गाडी घेऊन उपयोगच नव्हता, आणि नवीन सात सीटरचे भाव कुठे जाऊन बसलेत ते सगळ्यांना माहिती आहे.

घेताना जो तो विचारायचा, वीस वर्षं जुनी गाडी, कंपनीने बंद करून जमाना झाला, कशाला पैसे घालतो भो? प्रश्न बरोबर आहे. पण मग त्याच काळात रस्त्यावर आलेल्या कितीतरी गाड्या भंगारात गेल्या आणि क्वालिस, सुमो, बोलेरो, ओम्नी, मारुती 800 या मात्र सावदा-फैजपूर रोडला अजून रोज दिसतात, असं का? एवढे महिने गाडी चालवून, तिच्याखाली वाकून बघून आणि मिस्त्रीजवळ तासन् तास बसून जे समजलं ते सांगतो.

सगळ्यात आधी इंजिन. 2446 सीसीचं डिझेल आणि ताकद किती, तर 75 पीएस (जवळपास हॉर्सपॉवरच). आजकाल दीड लिटरच्या डिझेलमधून 115 च्या आसपास काढतात. म्हणजे एवढं मोठं इंजिन आणि त्याच्याकडून काम घेतलंय निम्म्याहून कमी, मग ते टिकणारच ना. जास्तीची हवा कोंबणारा टर्बो नाही, डिझेल पंप साधा मेकॅनिकल, कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारा नाही. 2005 मध्ये क्वालिस बंद करून इनोव्हा आणली तिच्यात कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी डिझेल सिस्टीम आली, तिथे डिझेलचं प्रेशर हजार बारच्या वर जातं, आणि क्वालिसचं नोझल, म्हणजे डिझेल फवारणारी तोटी, शे-दीडशे बारला उघडतं. इनोव्हाला मी नावं ठेवत नाहीये, ती पण चार-चार लाख किलोमीटर पळते, गावात आहेत तशा. फरक पडतो तो बिघडल्यावर. कॉमन रेलचा इंजेक्टर, म्हणजे तिचं नोझल, गेला की स्कॅनर पाहिजे, डिझेलमध्ये जरा पाणी-कचरा आला की खेळ खलास, आणि एकेका इंजेक्टरचा खर्च पाच आकड्यात.

माझ्या गाडीचं सांगतो. जानेवारीत थंडी जोरात होती तेव्हा सकाळी स्टार्ट केली की पांढरा धूर आणि इंजिन थडथड करायचं, गरम झालं की एकदम शांत. मिस्त्रीने हीटर प्लगच्या (थंड इंजिन स्टार्ट व्हायला आतून गरम करणारे प्लग) वायरी सोडल्या आणि बॅटरीच्या प्लसवरून टेस्ट लॅम्प घेऊन एकेका प्लगला लावला, तीनवर लॅम्प लागला, एकावर नाही. तो प्लग गेलेला. मग चारही नोझल काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावले. दांडा दाबला की चांगल्या नोझलमधून डिझेल एकदम बारीक फवाऱ्यासारखं उडतं आणि चर्र आवाज येतो, माझं दोन नंबरचं नोझल मात्र टिपटिप गळत होतं. टीप बदलली, आत शिम म्हणजे पातळ चकती टाकून प्रेशर सेट केलं, पुन्हा टेस्टरवर बघितलं आणि दुपारच्या जेवणाला गाडी घरी. लॅपटॉप लागला नाही, जळगावला न्यावी लागली नाही, आणि मिस्त्रीने मला प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दाखवली. माझ्या मते गाडी टिकण्याचं खरं कारण हेच, की तिचा प्रत्येक भाग वेगळा उघडता येतो, आणि उघडणारा माणूस तुमच्या घरापासून वीस-तीस किलोमीटरच्या आत बसलेला असतो.

आणि दुसरी बाजू म्हणजे स्पेअर. मला वाटायचं कंपनीने मॉडेल बंद केलं की पार्ट बंद. तसं नाहीये. क्वालिसचं इंजिन टोयोटाच्या ज्या एल सिरीजमधलं आहे ती हायलक्स, हायेस अशा गाड्यांतून जगभर चाललीय, त्यामुळे पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट हे बनवणारे अजून बनवतात. मारुती 800 चं तेच, ती 1983 ला आली आणि 2014 पर्यंत निघत होती, ओम्नी 1984 ते 2019, दोघींचं इंजिन एकाच 796 सीसीच्या घराण्यातलं, म्हणून तालुक्याच्या कुठल्याही दुकानात तिचा सामान डब्यात पडलेला असतो. सुमो 1994 ला आली आणि 2019 पर्यंत चालली, बोलेरो 2000 पासून आजतागायत. एखादी गाडी वीस-पंचवीस वर्षं फारसा बदल न करता निघाली की तिच्याभोवती अख्खा धंदा उभा राहतो, पाटेवाला, रेडिएटरवाला, पंपवाला, डेंटर, सगळ्यांचं पोट त्या गाडीवर चालतं आणि गाडी त्यांच्या हातावर चालते.

तवेराचं बघा. शेवरोलेने 2017 च्या शेवटी भारतात विक्रीच बंद केली, तरी तवेरा अजून लग्नाच्या वऱ्हाडात दिसते, कारण टॅक्सीत इतक्या गेल्या होत्या की पार्टवाल्यांना धंदा सोडवत नाही. आणि देवूची सिएलो? गाडी वाईट नव्हती, त्या काळात तर रुबाबदार होती, पण कंपनी बसली, रस्त्यावर गाड्या थोड्या, मग सामान कोण बनवणार. म्हणून मी म्हणतो जुनी गाडी घेताना तिचा ब्रँड नंतर बघा, आधी रस्त्यावर तशा किती फिरताहेत ते बघा.

आता आपल्या भागाचं. खान्देशात जुन्या गाडीला एक मोठा फायदा आणि एक मोठा धोका आहे. फायदा म्हणजे हवा कोरडी, पत्रा सडत नाही. माझा मेव्हणा रत्नागिरीला नोकरीला आहे, त्याच्याकडे जवळपास याच वयाची गाडी होती, तिच्या दाराखालचा पत्रा बोटाने दाबला तर आत जायचा. माझ्या क्वालिसची चासी मी खाली झोपून हातोडीने ठोकत ठोकत बघितली, सगळीकडे टणक आवाज. धुळीचा त्रास आहे, काळ्या मातीचा गाळ मडगार्डच्या आत साचून राहतो तो पावसाळ्यानंतर धुवून काढावा लागतो, पण खारी हवा नाही ही देवाची कृपा.

धोका म्हणजे ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 च्या पुढे जातो आणि त्या उन्हात इंजिनापेक्षा रबर आधी मरतं, होजपाइप, बेल्ट, दाराच्या बीडिंग, वायपर, सगळं कडक होऊन तडकतं. पण त्याहून वाईट म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरायची आपल्याकडची सवय. गाडी घेतल्यावर थंड इंजिनाला रेडिएटरचं झाकण उघडलं तर पाणी चहासारखं लाल आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढरे खडे, आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते बादलीच्या कडेला दिसतंच. तेच क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, आणि या इंजिनाची नाजूक जागा म्हणजे हेड, तापवून तापवून चालवलं की हेड तडकतं, मग मात्र खर्चाला अंत नाही. मी रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेतलं, इंजिनातून स्वच्छ पाणी सोडून फ्लश मारला, पाणी अडवून इंजिन तापू देणारा थर्मोस्टॅट नवीन टाकला (काही मिस्त्री तो काढूनच फेकतात, तसं करू देऊ नका, इंजिन नीट तापत नाही आणि डिझेल खातं), आणि कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून भरलं. त्यानंतर मे महिन्यात आठ माणसं, एसी चालू, तोरणमाळचा सातपायरी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढली आणि काटा मधल्या रेघेच्या वर गेला नाही. वरच्या एक-दोन वळणांना एसी बंद करावा लागला, तो गरमीमुळे नाही, पिकअप कमी पडतो म्हणून.

सस्पेन्शनचं सांगायचं तर पाटे मागे, पुढे टॉर्शन बार, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. केळीच्या बागेपर्यंत जायच्या शेतरस्त्याला याच्याइतकं भरवशाचं काही नाही, रिकामी असली की उडते, माणसं भरली की मस्त बसते. पाट्यांचे बुश आणि शॅकल मी बदलले, दोन पाटे कमजोर होते ते पाटेवाल्याने तापवून कमान देऊन परत बसवले. खडखड पूर्ण गेली.

आता जे आवडलं नाही ते पण सांगतो, कारण नुसतं गुणगान वाचून कोणी गाडी घेऊ नये. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही. हायवेला 80 च्या वर मी नेत नाही आणि कोणी नेऊ पण नये, रात्रीच्या लांबच्या प्रवासाला लहान मुलं असतील तर मी भाड्याने नवीन गाडी करतो, यात मी तडजोड करत नाही. आवाज भरपूर. ॲव्हरेज गावोगावच्या रस्त्याला 11, मोकळ्या हायवेला 13 पर्यंत, जास्तीची अपेक्षा ठेवू नका. धूर नव्या गाड्यांपेक्षा जास्तच, बीएस 6 या आताच्या धुराच्या नियमातल्या गाडीसोबत तुलनाच नाही, म्हणून नोझल आणि एअर फिल्टर वेळेवर करणं हे आपलं कर्तव्य आहे असं मला मनापासून वाटतं, आपल्या मागे मोटरसायकलवर पण कोणाचं तरी लेकरू बसलेलं असतं.

कागदपत्रांचं. खासगी गाडीला 15 वर्षं झाली की पुन्हा नोंदणी, ती दर 5 वर्षांनी, त्यासोबत पर्यावरण कर, आणि 2019 च्या एप्रिलआधीच्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट. दिल्लीकडे जुन्या डिझेलला जसा अडसर आहे तसा आपल्याकडे नाही, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात, त्या घेताना एनओसी (तिकडच्या आरटीओचं ना-हरकत पत्र) नीट बघा. माझ्या गाडीचं रिन्यूअल मास्तरांनी वेळेत करून ठेवलं होतं, आरसीवर 2029 पर्यंतची तारीख आहे, हे बघूनच मी पुढे बोललो.

कोणी घेणार असेल तर गाडी सकाळी, रात्रभर उभी राहिलेली, स्वतःच्या डोळ्यादेखत थंड स्टार्ट करून बघा, मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या. ऑइलचं झाकण आणि रेडिएटरचं झाकण दोन्ही उघडा, ऑइलमध्ये पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर तिथूनच परत फिरा. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) कधी बदलला ते विचारा, बिल नसेल तर घेतल्या घेतल्या बदला, लाखभर किलोमीटरला बदलायचाच असतो, तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळी बचत एका झटक्यात जाते.

इंजिनाचं, चाकाचं, ब्रेकचं सामान मला जळगावला सहज मिळालं. अडतं ते बारीकसारीक सामान, काचेचं रबर, दाराची हँडल, डॅशबोर्डची जाळी, हे नवीन फारसं येत नाही. म्हणून भंगारात गेलेली क्वालिस कुठे दिसली की मी थांबतोच, काचा वर-खाली करायचं मशीन आणि मागचे दिवे असे धुळ्याला एका भंगारवाल्याकडून आणून घरात ठेवलेत, आणि मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल अजून शोधतोय.