डोमेन घेऊन ठेवली, त्याला २८ महिने झाले

ऑगस्ट २०२३ मधल्या एका रविवारी मी ११ डोमेन नावं, म्हणजे वेबसाइटचे पत्ते, घेतली. पाच डॉट कॉम, चार डॉट इन आणि दोन नव्या, स्वस्तात मिळणाऱ्या एक्स्टेन्शनची (नावातला डॉटनंतरचा भाग). वापरायला एकही घेतलं नव्हतं. धरून ठेवायची आणि भाव आला की विकायची, एवढाच बेत होता. आता डिसेंबर २०२५ आहे आणि हातात पाच उरली आहेत. मी नाशिकला सातपूरमध्ये एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा हिशेब वहीत आहे. तो समोर ठेवूनच लिहिते.

मूळ कल्पना माझ्या दिरांची. मखमलाबादला त्यांनी फार पूर्वी घेतलेल्या प्लॉटचा भाव पुढे किती चढला, ते आम्ही घरात सगळ्यांनी पाहिलंय. "वहिनी, डोमेन म्हणजे इंटरनेटवरचा प्लॉट. एकदा घेऊन टाका," असं ते म्हणाले आणि मला ते पटलं. त्यात २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम हे नाव ३ कोटी डॉलरला विकलं गेल्याचं वाचलेलं होतं. ती विक्री खरी आहे. पण इंग्रजीतला रोजच्या वापरातला एकच शब्द आणि तोही डॉट कॉम, असं नाव आज कुणाला नोंदवायला मिळत नाही. डॉट कॉमची नोंदणी १९८५ पासून चालू आहे आणि आज त्यात १५ कोटींहून जास्त नावं आहेत. आपण जे घेतो ते ही नावं घेणाऱ्या सगळ्यांनी वगळलेलं असतं, हे मला फार उशिरा उमगलं.

प्लॉटची उपमा कुठे फसते ते सांगते. प्लॉटचा सातबारा आपल्या नावावर होतो. डोमेन कायमचं आपल्या नावावर होत नाही, वर्षाच्या कराराने मिळतं, आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचेच पैसे भरता येतात. शिवाय भाडं ठरवणारे आपण नाही. डॉट कॉमचा कारभार बघणारी व्हेरिसाइन ही कंपनी प्रत्येक नावामागे दर वर्षाची घाऊक किंमत घेते. २०२१ पर्यंत ती ७.८५ डॉलर होती, २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाली. चार वर्षांत चार वाढी. २०२१ पासून २०२५ अखेरपर्यंत डॉलरही ७४ रुपयांवरून नव्वदीच्या आसपास आला. त्यावर रजिस्ट्रारचा, म्हणजे आपल्याला नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचा नफा, त्यावर १८ टक्के जीएसटी. नाव पडून असतं तेव्हाही हा खर्च चालूच राहतो.

वहीतले आकडे असे. पहिल्या वर्षी ऑफर असते, म्हणून ११ नावांना मिळून ६,५५० रुपये गेले. दुसऱ्या वर्षी डॉट कॉम प्रत्येकी १,३०० आणि डॉट इन प्रत्येकी ८०० पडलं. स्वस्तातली जी दोन मी दीड-दीडशे रुपयांत घेतली होती, त्यांचं रिन्यूअल प्रत्येकी २,७०० रुपये निघालं! ती तिथेच सोडली. उरलेल्या नऊंना ९,७०० लागले. तिसऱ्या वर्षी पाचच ठेवली, त्यांचे ५,५००. एकूण २१,७५० रुपये. विक्री एकच झाली, १५,००० रुपयांना. म्हणजे आजच्या घडीला ६,७५० रुपये माझ्या खिशातून गेलेले आहेत.

या धंद्यातले जुने लोक वर्षाला शंभरातली एखाद-दोन नावं विकली जातील असं धरून चालतात. त्या मानाने माझं नशीब चांगलंच म्हणायचं. पण ती विक्री नीट पाहिली तेव्हाच मला नावाची किंमत कशी ठरते ते कळलं. नावात 'बेदाणा' हा शब्द होता. घेणारे निफाड तालुक्यातले एक बागायतदार, नुकताच स्वतःचा माल पॅक करून विकायला लागलेले. मार्च २०२५ मध्ये, ऐन हंगामात, त्यांचा फोन आला. "ताई, पिशव्या छापायला टाकायच्यात, नाव लगेच पाहिजे." मी वीस सांगितले, पंधरावर ठरलं. अर्धे पैसे आधी घेतले, नाव त्यांच्या खात्यात गेल्यावर उरलेले. दोघांचा रजिस्ट्रार एकच असल्याने काम एका दिवसात झालं. डोमेनच्या ऑनलाइन बाजारात लावून विकलं असतं तर कमिशनही गेलं असतं.

माझ्याकडे 'द्राक्ष' शब्द असलेलंही डॉट कॉम होतं आणि मला तेच जास्त मोलाचं वाटायचं. त्याला कधी फोन आला नाही. कारण साधं आहे. बेदाणा रोमन लिपीत कुणीही लिहिला तरी एकाच तऱ्हेने लिहितो. द्राक्ष मात्र प्रत्येक जण वेगळं लिहितो. क्षसाठी केएसएच घालायचं की एक्स, शेवटी ए लावायचा की नाही? ऐकून जे टाइप करता येत नाही त्याला गिऱ्हाईक कसं मिळणार? आपल्या गावाचंही तेच आहे. जुन्या पाट्यांवर 'नासिक' असं स्पेलिंग, नव्यांवर 'नाशिक'. एक नाव घेणाऱ्याला दुसरंही घ्यावं लागतं, म्हणून तो दोन्ही सोडतो. मराठी शब्दांची नावं घेणाऱ्यांनी आधी घरातल्या चार माणसांना तो शब्द इंग्रजीत लिहून दाखवायला सांगावा. ही तपासणी मी नंतर केली, आधी करायला हवी होती.

सिंहस्थाच्या नावांचं मला वाईट वाटतं. दोन डॉट इन घेतली होती, वेगवेगळ्या स्पेलिंगची. मागचा सिंहस्थ २०१५ चा, आताचा २०२७ चा. त्यानंतर ते नाव २०३९ पर्यंत कुणाला लागणार? बारा वर्षं भाडं भरून वाट बघावी लागेल. एक सोडून दिलं. दुसरं २०२७ पर्यंत ठेवणार आहे, कारण पंचवटीतल्या एका लॉजवाल्यांनी दोनदा चौकशी केली आहे.

दिरांनी एका प्रसिद्ध वायनरीच्या नावाला शब्द जोडून घ्यायला सुचवलं होतं. ते मी ठामपणे नाकारलं. दुसऱ्याचा ट्रेडमार्क असलेलं नाव त्यालाच विकायच्या हेतूने घेतलं, तर तो गैरहेतूच धरला जातो. डॉट कॉमसाठी १९९९ पासून आणि डॉट इनसाठीही अशा वादांची स्वतंत्र पद्धत आहे. त्यात नाव जातं आणि हातात एक रुपया येत नाही. शिवाय ते बरोबरही नाही.

यंदा ऑगस्टमध्ये द्राक्षाचं ते डॉट कॉम गेलं. ऑटो रिन्यूअल चालू होतं, पण रजिस्ट्रार परदेशी. कार्डावरून आपोआप पैसे कापण्याबाबत २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे नियम कडक आहेत, त्यामुळे पैसे कापले गेले नाहीत. एकच मेल आला आणि तो स्पॅममध्ये पडला. मला कळलं तेव्हा नाव रिडेम्प्शनमध्ये होतं, म्हणजे जादा पैसे भरूनच परत मिळेल अशा मुदतीत. सोडवायला ७,५०० रुपये मागितले. दोन रात्री विचार केला आणि जाऊ दिलं. परवा सहज पाहिलं, तर ते नाव साध्या नोंदणीला उपलब्ध होतं, ८९९ रुपयांत. दोन वर्षं मी सांभाळलेलं नाव सुटल्यावर कुणीच उचललं नव्हतं. मीही उचललं नाही.

पार्किंगचं, म्हणजे रिकाम्या नावावर जाहिराती लावून मिळणारं उत्पन्न मात्र सोडूनच द्या. अकरा महिन्यांत एक डॉलरही जमला नाही.

पाचांपैकी पैठणीचं एक डॉट कॉम आता माझी जाऊ वापरते. तिचं माहेर येवल्याचं, विणकर घरातलं. एक पान बनवून त्यावर तिच्या भावाच्या मागावरच्या साड्यांचे फोटो टाकले. दिवाळीत त्या पानावरून चार साड्या गेल्या. या नावाचं रिन्यूअल ऑगस्ट २०२६ ला आहे आणि त्याचे पैसे ती स्वतः भरणार आहे. मी तेव्हा उरलेली चार पुन्हा वहीत मांडून बघेन.