मुंबईचा सर्व्हर की फ्रँकफर्टचा? सांगलीच्या हळद निर्यातदारासाठी तुलना

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखादा हळद व्यापारी जर्मन खरेदीदाराच्या वतीने तिथल्या ग्राहकांना घरपोच पुड्या पाठवू लागला, की त्याच्या संगणकात दरपत्रकांशेजारी परदेशी माणसांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक येऊन बसतात. ही यादी ठेवायची कुठे, हे ठरवताना अनेकांचा कल जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या सर्व्हरकडे झुकतो, कारण माहिती युरोपातच राहिली म्हणजे तिथला कायदा मोडणार नाही असे त्यांना वाटते.

त्यामागची भीती अनाठायी नाही. युरोपीय संघाचा वैयक्तिक माहिती-संरक्षणाचा कायदा, जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे, माहिती-संरक्षण पुरेसे असल्याची संघाची मान्यता भारताला मिळालेली नाही आणि गंभीर उल्लंघनाचा दंड 2 कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या 4 टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तिथपर्यंत जातो. परंतु गाळ्यातला कारकून लेबले छापण्यासाठी फ्रँकफर्टची यादी सांगलीतून उघडतो, तेव्हा कायद्याच्या लेखी ती माहिती भारतात पोहोचलेली असते. त्यामुळे माहिती संघाबाहेर पाठवण्यासाठीची युरोपीय आयोगाची 2021 ची प्रमाणित करारकलमे आणि भारतीय कायद्यांमुळे त्यांना बाध येतो का याचे लेखी मूल्यमापन, हे दोन्ही मुंबईइतकेच तिथेही लागते.

भारतीय कायद्याचे ओझेही सर्व्हर हलवल्याने उतरत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे कलम 17 परदेशी करारानुसार परदेशस्थांची माहिती हाताळणाऱ्याला बरीच सूट देते. सुरक्षेची जबाबदारी मात्र कायम ठेवते, आणि त्यातल्या कसुरीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था सर्ट-इन, तिच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेच्या नोंदी 180 दिवस जपाव्या लागतात. माहितीच्या सुरक्षेचा भंग झाल्याचे कळल्यापासून जर्मन खरेदीदाराला त्याच्या माहिती-संरक्षण नियामकाकडे जाण्यास 72 तास असतात, आणि आपल्याला तो भंग त्याला विनाविलंब कळवावा लागतो.

म्हणून काम सांगलीतच होणार असेल, तर मी मुंबई निवडेन. खरेदीदाराने करारातच अट घातली असेल, किंवा लेबले युरोपातल्या गोदामात छापली जाणार असतील आणि इथून यादी कोणी उघडणारच नसेल, तर फ्रँकफर्टचा खर्च सार्थकी लागतो. मुंबई घेतल्यास वाचलेल्या पैशातून प्रत्येक कारकुनाला स्वतंत्र लॉगिन द्यावे आणि मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी आजच काढून टाकावी.